संत एकनाथ : आवरलेल्या मनाची कहाणी

नांदेडहून लातूरच्या दिशेने निघाले की लोहा हे तालुक्याचे गाव लागते आणि त्याच तालुक्यात पुढे माळेगाव. मार्गशीर्ष वद्यात येथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, दूरदूरहून आलेले व्यापारी आणि त्या साऱ्या गजबजाटात वाघ्या-मुरळींचा जागर. वाघ्या, मुरळी, गोंधळी, वासुदेव, जोशी ही माणसे मराठवाड्यातील ख्रिस्ती भाविकांनाही परकी नाहीत. आपल्यापैकी कित्येकांचे बालपण त्यांची गाणी ऐकत गेले आहे. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी गोदावरीच्या काठी, पैठणला राहणाऱ्या एका विद्वान ब्राह्मण गृहस्थाने याच माणसांच्या तोंडी आपली भारुडे घातली. त्याला संस्कृत उत्तम येत होते, शास्त्रार्थ करून मान मिळवता आला असता. पण त्याने रस्त्यावरच्या माणसाचा वेष आणि त्याची बोली उचलली. तो गृहस्थ म्हणजे संत एकनाथ.

महाराष्ट्राने एकनाथांना शांतिब्रह्म ही पदवी दिली. या पदवीने त्यांचा गौरव झाला, तसे एक नुकसानही झाले. ज्याला राग येतच नाही, अपमान लागतच नाही, असा एक पुतळा आपण मनात उभा केला. पुतळ्यापुढे हात जोडता येतात, त्याच्याकडून शिकता काही येत नाही. ज्या बापाने मुलाचे उलट उत्तर गिळले आहे, ज्या सुनेने भरल्या घरात तोंड मिटून घेतले आहे, ज्याने दारूच्या दुकानावरून मान खाली घालून पावले उचलली आहेत, त्यांच्या मनात त्या क्षणी काय चालते? शांती क्वचितच. तेथे चीड असते, लाज असते, कोंडलेपण असते, कधी स्वतःविषयी चोरटा अभिमान असतो आणि फार थोड्या वेळा एक अनपेक्षित आनंद असतो. संयम पाळणारा मनुष्य या गर्दीने घाबरून जातो. आत एवढी खळबळ आहे म्हणजे आपला संयम खोटाच, असे त्याला वाटू लागते. अशा माणसाने एकनाथांचे चरित्र पुन्हा एकदा, पदवी बाजूला ठेवून वाचावे.

त्यांच्याविषयीच्या बहुतेक कथा आपल्याला संतचरित्रकार महीपतींकडून मिळतात. महीपती अठराव्या शतकातले, म्हणजे नाथांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिणारे. तेव्हा या कथांतील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेता येणार नाही. पण नाथांचे स्वतःचे विपुल लेखन उपलब्ध आहे आणि कथा व लेखन शेजारी ठेवले की एक ओळखीचा माणूस दिसू लागतो. परंपरेनुसार त्यांचा जन्म १५३३ च्या सुमारास पैठणला झाला. पणजोबा भानुदास हे विठ्ठलभक्त म्हणून प्रसिद्ध होते. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी ही दोघेही एकनाथ अगदी लहान असतानाच निवर्तली. आजोबा चक्रपाणी यांनी त्यांना वाढवले. आई-वडिलांची आठवणही नसलेल्या या मुलाने वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास घर सोडले आणि देवगिरी गाठली. तेथे निजामशाहीच्या चाकरीत असलेले जनार्दनस्वामी किल्ल्याचा कारभार पाहत होते. मुसलमान सत्तेचा हा हिंदू अधिकारी दिवसा दप्तर सांभाळी आणि उरलेला वेळ ध्यानाला देई. एकनाथांनी त्यांनाच गुरू केले.

या काळातली एक कथा सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यातला महत्त्वाचा भाग निसटून जातो. गुरूंनी हिशेबाचे काम शिष्याकडे सोपवले होते. एका रात्री ताळा जुळेना. एका पैची चूक येत होती. सारे निजले. एकनाथ दिव्यापुढे वही घेऊन बसले ते बसलेच. झोप, भूक, कंटाळा ही तिन्ही बाजूला सारून त्यांनी पाने उलटली आणि पहाटेच्या सुमारास ती पै सापडली. आपण ही कथा मुलांना चिकाटीचा धडा म्हणून सांगतो. पण चूक सापडताच एकनाथांनी काय केले? त्यांनी मोठ्याने टाळी वाजवली. त्या आवाजाने जनार्दनस्वामी जागे झाले आणि विचारते झाले. एका पैच्या चुकीचा एवढा आनंद होतो, तर संसारातील मोठी चूक सापडली तर केवढा होईल, अशा आशयाचे काहीसे त्यांनी शिष्याला सांगितले.

त्या टाळीकडे लक्ष द्यावे. रात्रभर मन आवरून बसलेल्या तरुणाच्या हातून ती निघाली आहे. संयमाच्या शेवटी शुष्कता नसून उसळता हर्ष आहे, हे त्याच्या अनुभवाला त्या वयातच आले. संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळांत इंद्रियदमन सांगितले आहे, त्याच यादीत आनंदही आहे, हे आपण विसरतो. गुरूंनीही टाळीबद्दल शिष्याला दटावले नाही. त्या आनंदाला त्यांनी केवळ मोठी दिशा दाखवली.

पुढे तीर्थयात्रा करून एकनाथ पैठणला परतले आणि गुरूंच्या आज्ञेने गृहस्थ झाले. पत्नी गिरिजाबाई या वैजापूरच्या. गोदावरी व गंगा या दोन मुली आणि हरी हा मुलगा. पुढे कवी म्हणून गाजलेले मुक्तेश्वर हे त्यांच्या मुलीचे चिरंजीव मानले जातात. पहाटे स्नान, पूजा, लेखन, दुपारी आल्यागेल्याला जेवण, सायंकाळी पुराण आणि कीर्तन असा त्यांचा दिनक्रम होता. जंगलात जाऊन मन आवरणे वेगळे. पाहुण्यांनी भरलेल्या घरात, मुलांच्या रडण्यात, शेजाऱ्यांच्या कुजबुजीत ते आवरणे वेगळे. सेमिनरीत वाढलेल्या आम्हा मंडळींना हे मान्य करायला थोडा वेळ लागतो, एवढेच येथे नमूद करतो.

गोदावरीच्या घाटाची कथा या संसारातलीच. नाथ स्नान करून वर येत, तेव्हा वाटेवर बसलेला एक यवन त्यांच्या अंगावर थुंकत असे. नाथ काही न बोलता पुन्हा नदीकडे वळत. एके दिवशी हे शंभराहून अधिक वेळा घडले; परंपरा एकशे आठ हा आकडा सांगते. अखेरीस थुंकणाराच थकला, शरमला आणि पाया पडला. नाथांनी त्याचे आभार मानले, कारण त्याच्यामुळे एका दिवसात इतकी गंगास्नाने घडली. थुंकणाऱ्याचा धर्म सांगून ही कथा आज कोणी वैरासाठी वापरू पाहील, तर त्याने नाथांचा हिंदू-तुर्क संवादही वाचावा. त्यात दोघे एकमेकांच्या धर्माची यथेच्छ टिंगल करतात, चांगलेच हमरीतुमरीवर येतात आणि शेवटी समेट करून एकमेकांना भेटतात. आधी राग पूर्ण बाहेर येतो, मग शांतता येते. राग नाहीच असा देखावा नाथांनी तेथे केलेला नाही.

मग घाटावर शंभर वेळा पायऱ्या उतरताना त्यांच्या मनात काय होते? कथा याविषयी गप्प आहे. तिला परिणाम सांगायचा आहे, प्रवास नाही. उत्तराच्या जवळ जाणारे काही हवे असेल तर ते नाथांच्या ग्रंथात शोधावे लागते. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी अठरा हजारांहून अधिक ओव्यांची टीका लिहिली, तीच एकनाथी भागवत म्हणून ओळखली जाते. तिचे पहिले पाच अध्याय पैठणला लिहून झाले. धर्मग्रंथ प्राकृतात आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी जाब विचारला, नाथ तेथे गेले आणि उरलेला ग्रंथ १५७३ मध्ये काशीतच पूर्ण झाला. (त्यानंतर सहाच वर्षांनी, १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले. १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणासाठी त्यांनी ओवीच निवडली. त्या ओवीला वळण देणाऱ्यांत एकनाथ होते, हे आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी कृतज्ञतेने ध्यानात ठेवावे.)

या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात भिक्षुगीता आहे. अवंती नगरीतला एक कृपण, तापट ब्राह्मण. त्याचे धन जाते, आप्त पाठ फिरवतात, मग त्याला पश्चात्ताप होतो आणि तो भिक्षू होतो. गावची टवाळ माणसे त्याचा दंड ओढतात, कमंडलू पळवतात, जेवत असता त्याच्यावर घाण टाकतात, थुंकतात. तो मात्र शांत राहून विचार करतो की, सुखदुःखाला हे लोक कारण नाहीत, ग्रह नाहीत, काळ नाही. सारे घडवणारे आपले मनच आहे. घाटावरची कथा आणि हा अध्याय यांतील साम्य उघड आहे. घाटावर खरोखर काय घडले हे कोणी सांगू शकणार नाही, पण थुंकी झेलणाऱ्याच्या मनाचा नाथांनी किती बारकाईने विचार केला होता याची साक्ष हा अध्याय देतो. आणि एक गोष्ट तेथे स्पष्ट आहे: तो भिक्षू मुळात शांत स्वभावाचा नव्हता, तो आयुष्यभर संतापी होता. मनासारखा दांडगा वैरी दुसरा नाही, हे त्याला पुस्तकातून कळलेले नाही.

जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस सालेस (१५६७–१६२२) हे जवळजवळ याच काळातले. त्यांच्या सौम्यतेची ख्याती ख्रिस्तसभेत सर्वत्र आहे. परंतु ते मूळचे शीघ्रकोपी होते आणि ही सौम्यता त्यांनी अनेक वर्षांच्या झगड्यातून कमावली, असे त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. नाथांच्या चरित्रकारांनी ही सोय आपल्याला दिली नाही. त्यासाठी त्यांच्या विंचवाच्या भारुडाकडे यावे लागते. काम-क्रोधाचा विंचू डसतो आणि डसलेला माणूस आकांत करतो. उतारा म्हणून सत्त्वगुण सांगितला आहे. गमतीने ऐकताना आपल्याला वाटते की औषध लागले, दुःख संपले. पण नाथ तसे म्हणत नाहीत. उतारा दिल्यावर विष उतरते, तरी थोडी ठणक मागे राहतेच, आणि ती शमवण्याचे श्रेय ते गुरूला देतात. विंचू न चावलेल्या माणसाला ही उरलेली ठणक सुचणार नाही. आपला राग गिळल्यावर तासन् तास आत काहीतरी दुखत राहते, ते हेच. ते दुखणे म्हणजे संयमाचा पराभव नव्हे, हे या भारुडाने मराठी माणसाला कधीच सांगून ठेवले आहे.

आणखी एका भावनेची मात्र नाथांना खरी धास्ती होती. चिरंजीवपद या त्यांच्या छोट्याशा प्रकरणात, मन जिंकू पाहणाऱ्या साधकाला लोकांनी दिलेला मान कसा फसवतो, याचे वर्णन आहे. आधी आदर येतो, मग चांगले आसन, चांगले अन्न, स्तुती, सहवास. आणि ज्याने सारे सोडले म्हणून लोक जमले, त्याच्या हातून सारे परत धरले जाते. कोणीही संतापाने बिघडला तर चारचौघांना दिसते. संयमाच्या गर्वाने बिघडलेला बाहेरून साधूच दिसतो. धर्मगुरूंनी हे प्रकरण वर्षातून एकदा वाचायला हरकत नाही.

दोनशे रुपयांची कथा या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. नाथांची निंदा करणाऱ्या पैठणच्या टोळक्याने पैशाची निकड असलेल्या एका परगावच्या ब्राह्मणाला गाठले आणि एकनाथाला राग आणून दाखवलास तर दोनशे रुपये देऊ, असे कबूल केले. तो घरात शिरला. पूजेला बसलेल्या नाथांच्या अंगावर जाऊन बसला. नाथांनी त्याच्या आपुलकीचे कौतुक केले. जेवताना गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तेव्हा तो त्यांच्या पाठीवर चढला. ब्राह्मण पडेल, सांभाळ, असे नाथांनी पत्नीला सुचवले, आणि मुलाला पाठीवर घेऊन कामे करण्याची सवय असल्याचे त्यांनी सहज सांगितले. तो खजील होऊन खरे काय ते बोलून गेला. त्यावर, आधी सांगितले असते तर मी रागावलो असतो, म्हणजे तुझे पैसे बुडाले नसते, अशी हळहळ नाथांनी व्यक्त केली. आपण जिंकलो याचा आनंद त्यांना झाला नाही; समोरच्याचे नुकसान झाले याचे वाईट वाटले. चिरंजीवपदातल्या गर्वावर उतारा असेलच तर तो हा.

पण या कथेतील गिरिजाबाईंचे काय? परक्या पुरुषाने भर पंगतीत केलेला तो अपमान होता. पिढ्यान् पिढ्या ही कथा हसत सांगितली गेली आणि त्या बाईंच्या मनात काय झाले असेल हे विचारण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. त्यांच्या उत्तरात खरोखरच सहजता असेल; परंतु घरात स्त्रीने आवरलेल्या मनाला आपण फार लवकर सहजता म्हणून मोकळे होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथेच दुसराही एक प्रश्न येतो आणि मराठवाड्यात तो टाळता येणार नाही. घाटावर थुंकी झेलणारा मनुष्य पैठणचा प्रतिष्ठित ब्राह्मण होता. त्याने गप्प राहणे ही त्याची निवड होती. गावकुसाबाहेर ज्यांना पिढ्यान् पिढ्या गप्प बसवले गेले, त्यांच्या मौनाला संयम म्हणायचे का? नाथांना हा फरक कळत होता, असे मला त्यांचे साहित्य वाचून वाटते. स्वतःचा अपमान त्यांनी पोटात घातला. पण त्यांच्या भारुडांत महार आणि ब्राह्मण यांचा जो संवाद आहे, त्यात दरडावणाऱ्या ब्राह्मणाला महार निर्भयपणे उलट उत्तरे देतो आणि ज्ञानाच्या गोष्टी त्याच्याच तोंडून येतात. म्हणजे ज्याच्याकडे बळ आहे त्याने तोंड आवरावे आणि ज्याचे तोंड बंद केले आहे त्याला ते उघडू द्यावे, असाच त्यांच्या लेखणीचा कल होता. कृतीही तशीच. नदीच्या तापलेल्या वाळूत रडणारे महाराचे मूल त्यांनी कडेवर उचलले आणि घरी पोहोचवले. पितरांसाठी रांधलेले श्राद्धाचे अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढले. राणू महाराच्या घरी ते जेवले, असेही परंपरा सांगते. ब्रह्मवृंदाने बहिष्काराची भाषा केली, प्रायश्चित्त फर्मावले. नाथांनी वाद घातला नाही; प्रायश्चित्त घेतले आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच केले.

त्यांच्या संयमाची सर्वांत कठीण परीक्षा मात्र परक्यांनी घेतली नाही, ती पोटच्या मुलाने घेतली. हरिपंडित मोठे विद्वान झाले आणि कर्मठही. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरी अन्न घ्यावे, हे त्यांना सहन होईना. ते घर सोडून काशीला निघून गेले. म्हातारपणाकडे झुकलेले नाथ मुलाला परत आणायला गेले. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या: मराठीतून पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

घाटावरच्या शंभर स्नानांपेक्षा हा होकार मला अधिक अवघड वाटतो. ज्या मराठीसाठी काशीच्या पंडितांपुढे ते उभे राहिले होते, तीच मुलाच्या शब्दाखातर त्यांनी मिटून ठेवली. मुलगा संस्कृतातून पुराण सांगू लागला. श्रोते कमी होत गेले. ज्या अंगणात गाव लोटत असे तेथे चार-दोन माणसे उरली आणि वडील मागे बसून ऐकत राहिले. मुलाचे प्रेम आणि आयुष्याचे कार्य यांपैकी एक गिळावे लागलेल्या माणसाचे ते मौन होते. त्यात दुःख नव्हते, असे कोण म्हणेल?

पुढे एका गरीब विधवेने सहस्रभोजनाचा नवस बोलला होता. तेवढी ऐपत नसल्याने एका नाथांना जेवू घातले तरी तो फेडल्यासारखे होईल, असे तिला कोणी सुचवले. तिच्या आग्रहापुढे नाथांनी आपला नेम मोडला. मुलाचे मन राहावे म्हणून स्वयंपाक हरिपंडितांच्याच हातचा ठेवला होता. जेवणानंतर नाथांनी त्यांना पत्रावळ उचलायला सांगितली. हरिपंडित एक उचलत, तर तिच्याखाली दुसरी निघे; अशा हजार पत्रावळी निघाल्या. चमत्कार कोणी मानो वा न मानो. वाकून वाकून थकलेल्या त्या पंडिताचा ताठा उतरला आणि पैठणच्या त्या वाड्यात पुन्हा मराठीतून पुराण सुरू झाले, हे कथेचे सार आहे. नाथांनी मुलाला वादात हरवले नाही, वाट पाहिली. ती किती लांबली, हे कोणत्याही चरित्रकाराने मोजून ठेवलेले नाही.

१५८४ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली होती. हाही एका अर्थाने पैचाच शोध. नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ एकेक करून वेचून काढायचे होते. अखेरच्या वर्षांत भावार्थ रामायण हाती घेतले. परंपरेनुसार १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला. पैठणला त्या दिवशी आजही नाथषष्ठीची यात्रा भरते, आणि तेथील जायकवाडी धरणाच्या जलाशयाला नाथसागर हेच नाव आहे.

भावार्थ रामायण त्या वेळी युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आले होते. ते पूर्ण करायचे काम ज्याच्याकडे आले तो गावबा नावाचा शिष्य. लहानपणी त्याला रोज पुरणपोळी लागे, तिच्यासाठी तो हट्ट धरी, आणि कंटाळून त्याच्या आईने त्याला नाथांच्या घरी आणून सोडले होते. नाथांनी त्याला जिभेला लगाम घालायला सांगितल्याचे कोठे वाचनात नाही. गिरिजाबाई त्याला रोज पुरणपोळी करून वाढत असत. गावातले लोक त्याला वेडगळ समजत. उरलेले रामायण त्यानेच लिहिले.